तेलखडू बंद करू नका, आधी कागद बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकपत्रांत एका आईचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं असं की पहिली-दुसरीच्या साहित्याच्या यादीतून ऑइल पेस्टल, म्हणजे आपले तेलखडू, काढूनच टाका, कारण पांढरा शर्ट कायमचा जातो, दप्तरात डबी उघडली की पुस्तकं बरबटतात, बेंच चिकट होतात, उन्हाळ्यात खडू वाकून एकमेकांना चिकटतात आणि एवढं सगळं करून चित्र काय तर नुसता चिखल. वाचून राग नाही आला मला, उलट वाटलं की ह्या ताईंना कुणी नीट सांगितलंच नाहीये, आणि त्यांचं सोडा, आम्हा शिक्षकांनाही कुणी सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. जरा लांबलं तर सांभाळून घ्या, कापायचं असेल तर कापा पण कागदाचा मुद्दा तेवढा राहू द्या.

मी जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षकी शाळा, पट ४७. चित्रकलेच्या वेगळ्या बाई आमच्याकडे नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कला शिकवायला जे निदेशक दिलेत ते सहावी ते आठवीसाठी, तेही अंशकालीन, आणि तिथेसुद्धा पट शंभराच्या वर असेल तर. म्हणजे सहा ते दहा वर्षांची मुलं, ज्या वयात पोर रंग दिसला की भिंतसुद्धा सोडत नाही, त्यांना चित्रकला शिकवणारी मीच, जी सकाळी हातच्याची वजाबाकी घेते आणि मधल्या सुट्टीत खिचडीची चव बघते. मला चित्रकला येते असा माझा दावा नाही. पण सोळा-सतरा वर्षं मुलांच्या हातात हे खडू बघतेय, त्यावरून सांगते, ह्या वयाला ह्याच्यापेक्षा चांगला रंग मला तरी दुसरा सापडलेला नाही.

आमच्याकडे सगळे तेलखडूच म्हणतात. मेणखडू वेगळा, हा वेगळा, आणि इथेच निम्मा घोळ होतो, कारण दुकानात दोन्ही "कलर" म्हणूनच मिळतात. मेणखडू कडक असतो, कागदावरून सरकतो, मुलाने कितीही दाबला तरी फिका तो फिकाच, आणि गडद रंगावर त्याचा पिवळा दिसतच नाही. तेलखडूत रंगाची पूड, तेल आणि मेण असतं, तो लोण्यासारखा बसतो, थोडा जोर दिला की रंग भरभरून येतो, एकावर एक चढतो, बोटाने चोळला की मिसळतो. लहान मुलाची पकड अजून पक्की नसते, पेन्सिलीचं टोक त्याच्याकडून सारखं मोडतं, ब्रशचं पाणी तर निम्मं शेजारच्याच्या वहीवर. तेलखडूला टोक लागत नाही, पाणी लागत नाही, शार्पनर लागत नाही. मुठीत धरला तरी चालतो.

फक्त एक गोष्ट त्याची कायम लक्षात ठेवायची, तो सुकत नाही. मोठे चित्रकार जे तैलरंग वापरतात त्यात जवसाचं तेल असतं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतं. तेलखडूतलं तेल न सुकणारं असतं. त्यामुळे आज काढलेलं चित्र पुढच्या वर्षीही हाताला लागणार. ही एक गोष्ट पालकांना माहीत असती तर निम्मी भांडणं झालीच नसती, कारण मुलाचं काही चुकलेलं नसतं, त्याने "नीट" रंगवलं असतं तरी वही मिटली की समोरच्या पानावर छाप उमटणारच होता.

आता हा खडू आला कुठून ते सांगते, कारण मला हे कळलं तेव्हापासून माझा चित्रकलेचा तासच बदलला. शंभर वर्षांपूर्वी जपानच्या शाळांत चित्रकला म्हणजे पुस्तकातलं चित्र समोर ठेवायचं आणि तसंच्या तसं उतरवायचं. कानाए यामामोतो नावाचे एक चित्रकार होते, ते १९१६ मध्ये युरोपातून रशियामार्गे मायदेशी परतताना तिथली मुलांची चित्रं बघून भारावून गेले, आणि परत आल्यावर म्हणायला लागले की मुलांना नक्कल करायला लावू नका, त्यांनी जे बघितलं ते त्यांना काढू द्या. १९१९ मध्ये नागानो भागात त्यांनी अशा मुक्त चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि त्यातून शिक्षकांची चळवळच उभी राहिली. पण मुलांनी मनाने काढायचं म्हणजे रंगही तसा हवा ना, क्रेयॉन, म्हणजे मेणखडू, कडक आणि मिसळत नाही, सुक्या पेस्टलची पूड उडते. तेव्हा ह्याच विचाराने भारलेल्या साकुरा नावाच्या जपानी कंपनीने १९२५ मध्ये दोन्हीच्या मधला खडू बाजारात आणला, क्रेयॉनमधलं क्रे आणि पेस्टलमधलं पास घेऊन नाव ठेवलं क्रे-पास. तोच हा ऑइल पेस्टल. मोठ्या चित्रकारांसाठीचे उंची तेलखडू बरेच नंतर आले, पॅरिसच्या सेनेलिए ह्यांनी पिकासोसाठी म्हणून बनवायला घेतले ते १९४९ मध्ये. म्हणजे आधी शाळेतली पोरं, मग पिकासो.

आणि आपण त्याच खडूने पोरांकडून काय करून घेतो? मी फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर काढायचे, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी, एक नारळाचं झाड, आकाशात चारचे आकडे आडवे पडावेत तसे पक्षी, आणि ४७ पोरांनी ४७ तसेच डोंगर काढायचे. "सीनरी". मीही कित्येक वर्षं हेच केलंय. संपादकसाहेब, जुन्नरचे डोंगर त्रिकोणी नाहीत हो. आमच्या शाळेच्या मागे जी रांग दिसते तिचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट, खाली काळा कातळ, त्याच्याखाली उतरतं गवत, पावसाळ्यात कातळावरून पांढऱ्या रेघा उतरतात त्या पाण्याच्या. शिवनेरी असा, हडसर असा, चावंड असा. पोरं रोज हे बघत शाळेत येतात आणि वर्गात बसून नारळ काढतात, ज्यातल्या निम्म्यांनी समुद्र बघितलेला नाही.

एका पावसाळ्यात मी फळा पुसला आणि सगळ्यांना ओट्यावर नेऊन बसवलं, म्हटलं समोर दिसतंय ते काढा. पंधरा मिनिटं कुणी खडूच उचलेना. "बाई, सुरुवात कुठून करायची?" मग दुसरीतल्या एका मुलीने काळा खडू आडवा धरला, कागद सोलून, आणि एका दमात कातळ ओढला. आडवा खडू! मी हे कधी शिकवलं नव्हतं. त्यावर तिने पांढरा घासला, काळ्यात पांढरा मिसळून राखाडी झाला आणि धुकं आलं. ती स्वतःच बघत बसली. मेणखडूने हे झालंच नसतं.

आता कागद. माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच आहे. बाजारात जी चित्रकला वही मिळते तिचा कागद इतका पातळ आणि गुळगुळीत असतो की तेलखडूचा एक थर बसतो, दुसरा चढवला की पहिला उचलून येतो, तिसऱ्याला कागद फाटतो. त्या ताईंनी ज्याला चिखल म्हटलंय तो चिखल मुलाने केलेला नसतो, तो कागदाने केलेला असतो. तेलखडूला जाड आणि जरासा खरखरीत कागद लागतो, खडूला धरायला काहीतरी दात हवेत. कार्ट्रिज पेपर म्हणून चित्रकलेचा जाड कागद मिळतो तो घ्या, साधारण दीडशे जीएसएमच्या आसपासचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), आणि मोठा घ्या, कारण बोटाएवढ्या जाड खडूने वहीच्या चतकोर पानावर डोळे-नाक काढता येत नाही, मूल वैतागतं. आम्हाला दर वेळी कार्ट्रिज परवडत नाही तेव्हा आम्ही साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे वापरतो, जुन्या वह्यांची मागची कव्हरं वापरतो, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू वापरतो (चकचकीत पत्रिका नको, तिच्यावर खडू घसरतो). खाकी ब्राऊन पेपर तर फारच छान, त्यावर पांढरा तेलखडू काय उठून दिसतो ते एकदा करूनच बघा. वारली चित्र पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने काढायची पद्धत पडलीय शाळांमध्ये, पण मुळात ते गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंनी ते भिंतीवरून कागदावर आणलं तरी चित्रातला रंग पांढराच राहिला. खाकी कागद आणि पांढरा खडू दिला की तिसरीचं पोरसुद्धा तारपा नाच काढतं आणि ते वारलीच्या जास्त जवळ जातं.

उन्हाळ्याचं जे त्या ताईंनी लिहिलंय ते मात्र शंभर टक्के खरं. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या वर्गात अकरा वाजता खडू वाकतात, एकमेकांना चिकटतात. पण हेही नवीन नाही, सुरुवातीचे क्रे-पास थंडीत कडक आणि उन्हाळ्यात मऊ व्हायचे म्हणून कंपनीला हिवाळ्याचा वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा असे दोन प्रकार काढावे लागले होते. आम्ही काय करतो, खडू घरी नेऊच देत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत रंगवार ठेवतो, सगळ्या पिवळ्यांचा एक डबा, सगळ्या निळ्यांचा एक, आणि ते डबे माठाशेजारी सावलीत. दप्तरात न्यायचेच नाहीत म्हटल्यावर पुस्तकं बरबटायचा प्रश्नच संपला. आणि दुसरा एक फायदा झाला जो मला आधी सुचलाच नव्हता. पूर्वी ज्याच्याकडे पन्नास रंगांची डबी तो राजा आणि ज्याच्याकडे बारा तो गप्प बसायचा. काहींकडे तर मोठ्या भावाचे उरलेले तीन तुकडे असायचे. आता डबे सगळ्यांचे. खडू तुटला म्हणून घरी मार बसेल ही भीतीही गेली. तेलखडू तुटणारच, मऊ असतो तो, आणि तुटलेला तुकडा आडवा धरायला जास्त सोयीचा.

डब्यांचं आणखी एक. प्रत्येक डबीत एक फिकट गुलाबीसर खडू असतो, त्याला पोरं "स्किन कलर" म्हणतात. "ए, स्किन कलर दे ना." आणि मग आई, बाबा, आजोबा, शेतातली माणसं, सगळी त्या गुलाबी रंगाची. माझ्या वर्गात तर त्या रंगाचं एकही मूल नाही, मीही नाही. एक दिवस मी तो डबाच बाजूला ठेवला आणि म्हटलं आपापला हात कागदावर ठेवा, बाहेरून रेघ ओढा आणि आत आपल्या हाताचा रंग आणा. दोन तास चाललं हे. तपकिरी, त्यावर नारिंगी, थोडा पिवळा, बोटाने चोळायचं, हाताशेजारी धरून बघायचं, "नाही बाई, अजून काळा पाहिजे जरासा". पाहिजे जरासा म्हणताना त्या पोराच्या आवाजात कसलाच कमीपणा नव्हता, तो फक्त रंग जुळवत होता. ते ४७ हात अजून आमच्या भिंतीवर आहेत.

माझी भाची शहरात चांगल्या फी भरायच्या शाळेत आहे, नाव लिहीत नाही. तिथे पेस्टलच्या तासाला छापलेलं चित्र देतात, रेषेच्या बाहेर रंग गेला की स्टार कापतात, बोटाने चोळलं तर बाई ओरडतात. सात वर्षांची पोर घरी येऊन म्हणते मला ड्रॉइंग येत नाही. मला इतकं वाईट वाटलं ते ऐकून. बोटाने चोळण्यासाठीच तर बनलाय तो खडू, आणि आपण त्याच्याकडून स्केचपेनचं काम करून घेतो, ते जमलं नाही की मुलाला नापास करतो.

आता एक चित्र सांगते, मग सरकारकडे वळते. खरवडचित्र म्हणून एक प्रकार आहे, आधी पुठ्ठ्यावर पिवळा-नारिंगी-लाल असा दाबून भरायचा, अजिबात पांढरं ठेवायचं नाही, मग त्यावर पूर्ण काळा चढवायचा आणि खराट्याच्या काडीने काळं खरवडायचं, खालचा रंग वर येतो. बहुतेक मुलं दिवाळीचे फटाके काढतात. चौथीतल्या एका मुलाने खालच्या कोपऱ्यात एक बारका माणूस खरवडला, त्याच्या हातातून एक लांब पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला उसाची पानं. बाकी सगळं काळं. मी विचारलं हे काय रे, तर म्हणाला बाबा बॅटरी घेऊन मोटर चालू करायला चाललेत, आमची रात्रीची लाईट आहे ह्या आठवड्यात. मग काडी घेऊन त्याने उसात दोन ठिपके केले. पिवळे. फक्त दोन ठिपके. आमच्या भागात कुणालाही विचारायची गरज नाही ते काय आहे, जुन्नर-आंबेगावात उसातला बिबट्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. त्याने आजवर एक ओळ निबंधाची धड लिहिली नव्हती. त्या दिवशी त्याला म्हटलं, ह्या चित्राखाली लिही काय चाललंय ते, तर पाऊण पान लिहिलं, आई दारात उभी राहते तेसुद्धा लिहिलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेतून शिकणं वगैरे बरंच आहे. असू दे. मला त्यातून प्रत्यक्ष हवं काय ते लिहिते. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान येतं, तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला २५ हजार, त्यात लाईट बिल, झाडू-फिनेल, खडू-डस्टर, नळाची तोटी, गळकं छप्पर, सगळं. त्यातून मी जाड कागद घेतला की ऑडिटच्या वेळी विचारतात हे कशाला. तेव्हा जिल्ह्याने पाठ्यपुस्तकांसारखेच तेलखडू आणि जाड कागद शाळेला एकगठ्ठा द्यावेत, पालकांच्या यादीत टाकूच नयेत. आणि आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वर्षातून एकदा तरी दोन तास आम्हा शिक्षकांच्याच हातात खडू द्यावेत, भाषण नको, प्रत्येकाने एक चित्र काढायचं आणि हात बरबटवायचे. ज्या शिक्षकाने स्वतः चोळून बघितलंय तो मुलाला चोळू नको म्हणणार नाही. आणि घेताना डबीवर नॉन-टॉक्सिक लिहिलेलंच घ्यावं, पहिलीची पोरं खडू तोंडात घालतात, आठवडी बाजारात सुट्टे विनानावाचे मिळतात ते स्वस्त असले तरी नकोत.

त्या ताईंना शर्टाबद्दल. पाणी आधी लावू नका, तेलाचा डाग आहे, पाण्याने नुसता पसरतो. वरचा जाड थर चमच्याच्या कडेने खरवडून काढा, मग कोरड्या कापडावरच भांड्याचा साबण चोळून दहा मिनिटं ठेवा आणि मग धुवा, लाल-निळा असेल तर दोनदा करावं लागतं. हाताला आणि बेंचला खोबरेल तेलाचा एक थेंब, चिंधीने पुसायचं, मग साबण. आणि आठवड्यातून त्या एका दिवशी मुलासोबत बाबांचा जुना शर्ट द्या, उलटा घालायचा, बटणं पाठीवर. आमच्याकडे सगळी पोरं असेच शर्ट घालून बसतात, बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

संपादकसाहेब, तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांची चित्रं येतात, मी दर रविवारी बघते, बहुतेक सीनरीच असतात आणि त्यावर आईचा किंवा क्लासवाल्यांचा हात फिरलेला कळतो. सोबत त्या चौथीतल्या मुलाचं चित्र पाठवतेय, त्याच्या आईला विचारून. छापता आलं तर बघा, रेषा वाकड्या आहेत त्या सरळ करू नका. वर बटर पेपर लावलाय तो सावकाश उचला, चित्रावरून हात फिरवू नका, काळा रंग अजूनही हाताला लागतो.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. जुन्नर, जि. पुणे